चौथा नंबर

माझी मुलगी मुद्दाम मागे पडली, हे त्या दिवशी मैदानावर फक्त मला कळलं.

तीन हजार मीटरची शर्यत होती. शेवटच्या फेरीत ती पहिल्या दोघींच्या मागोमाग होती. तिचं धावणं ज्यांना माहीत होतं ते सगळे कुंपणाला टेकून वाट बघत होते, आता ती वेग घेईल म्हणून. वळणावर तिने मान वळवून मागे पाहिलं. शेवटच्या वळणावर ती कधीच मागे बघत नसे. मागून एक मुलगी जिवाच्या आकांताने येत होती. माझ्या मुलीने तिला पुढे जाऊ दिलं. तिची पावलं तशीच लयीत पडत होती, फक्त थोडी आखूड झाली होती. तिसरी आलेली मुलगी रेषेपलीकडे जाऊन गवतावर आडवी झाली. माझी मुलगी चौथी आली आणि चालत आपल्या बॅगेकडे गेली. तिला नीट धापही लागली नव्हती.

पहिल्या तिघींना स्टेजवर बोलावतात. चौथीला कोणी बोलावत नाही.

तिचे सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "शेवटच्या फेरीत दम जातोय हिचा. खाण्याकडे बघा जरा. खजूर द्या, अंडी द्या. अशी नव्हती ही."

मी म्हटलं, "हो सर, बघतो."

तिचा दम गेला नव्हता हे मला दिसलं होतं, आणि ती मागे का पडली तेही माहीत होतं. तरी मी खजूर आणायचं कबूल करून घरी आलो आणि खरोखरच आणला.

मला ते इतकं लगेच ओळखू आलं, कारण मी आयुष्यभर तेच करत आलो आहे. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी टूलरूममध्ये काम करतो. आमच्याकडे वर्षभर एकही खाडा न करणाऱ्याला वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर बोलावून बक्षीस देतात. कुकर, डिनर सेट, भिंतीवरचं घड्याळ असं काहीतरी असतं. मी आजारी पडत नाही आणि लग्नाकार्यालाही सुट्टीच्या दिवशीच जातो. त्यामुळे वर्ष संपत आलं की माझं नाव यादीत येणार हे दिसायला लागतं. मग मार्चमध्ये मी एक रजा टाकतो. काम काहीच नसतं. सकाळी डबा घेऊन नेहमीसारखा निघतो, सायखेड्याला जाऊन नदीकाठी बसतो आणि संध्याकाळी परत येतो. बायकोला हे माहीत आहे. पहिल्या वर्षी ती चिडली होती. नंतर नुसती म्हणायची, "शेजारच्यांकडे तुमच्या कंपनीचे तीन कुकर झाले. आपला मेला अजून लग्नातलाच आहे."

एकदा साहेबांनी सगळ्या शिफ्टसमोर माझ्या कामाचं कौतुक केलं होतं. मी बनवलेला एक डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, हातात धरून ते म्हणाले, "बघा, काम असं पाहिजे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही जण हसले. माझ्या कानांत रक्त वाजायला लागलं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. कंपनीच्या बसमध्ये नाशिकपर्यंत मी एकच विचार करत होतो, की साहेब टोमणा तर मारत नव्हते? लोक का हसले? पुढचा आठवडाभर मी त्या डायकडे बघायचं टाळलं. तो डाय मी मन लावून केला होता. काम पूर्ण झालं तेव्हा मला बरं वाटलं होतं, तेवढंच. कौतुक झालं आणि ते बरं वाटणंही गेलं.

सगळ्यांचं असंच होत असेल, असं मी समजत होतो. बाकीचे लोक ते लपवण्यात पटाईत असतील, एवढंच.

मुलीचं धावणं सुरू झालं ते मखमलाबादकडच्या पाटाच्या कडेने. पंचवटीतल्या आमच्या कॉलनीतून मागच्या बाजूने गेलं की पाट लागतो. एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला द्राक्षांच्या बागा. आठवीत असताना ती मैत्रिणीबरोबर चालायला जायची. मैत्रीण कंटाळली, ही धावायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शिकवलं नव्हतं. सकाळी परत आली की पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडताना ती काहीतरी गुणगुणायची. सूर धड नसायचा. आईला सांगायची, "मम्मी, आज एका जागी असं झालं ना, की श्वास आपोआप चालायला लागला. मी फक्त वर बसलेली."

"कशावर बसलेली?"

"श्वासावर."

"बरं बाई. आता आंघोळीला बस."

ती कमी बोलणारी होती. पाहुणे आले की आतल्या खोलीत जायची. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही मान खाली घालायची. हे सगळं माझ्यावर गेलं आहे हे मला दिसत होतं. पण पाटाकडून आलेली ती मुलगी वेगळीच असायची. तिच्या तोंडावर जे असायचं, ते माझ्या तोंडावर कधी आलं असेल असं मला वाटत नाही. शाळेतल्या सरांनी तिला हेरलं आणि मैदानावर नेलं. जिल्ह्यात पहिली आली तेव्हा बक्षीस शाळेच्या शिपायाने घरी आणून दिलं, कारण समारंभाला ती गेलीच नव्हती. मग राज्य स्पर्धेतही ती पहिली आली.

त्या जिंकण्याचं मी काय केलं, ते आता सांगतो.

स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात होती. निकाल कळला त्या संध्याकाळी आमच्या कॉलनीतल्या मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. माझ्यापेक्षा बराच तरुण आहे तो. सगळे त्याला दादा म्हणतात. मनाने चांगला आहे. कोणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यात आधी तोच पोचतो.

"काका, पोरीनं नाव काढलं कॉलनीचं! आता तुम्ही काय बोलू नका. ओपन जीप सांगितली हे. ढोलवाली पोरं आपलीच हेत. चौकात फ्लेक्स लागतोय रात्रीतून. लय भारी फोटो टाकलाय तिचा."

मी म्हटलं, "अहो, कशाला एवढं..."

"तुम्ही फक्त हो म्हणा. आणि तिला सांगू नका. सरप्राइज राहू द्या."

मी हो म्हटलं.

बायको शेजारी उभी होती. तिने विचारलं, "तिला विचारलंत?"

"खूश होईल ती."

"ती? का तुम्ही?"

मी फोन चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवशी मी तिला आणायला नाशिकच्या द्वारका चौकात गेलो. बस थांबली आणि ती सरांबरोबर उतरली. सर त्यांच्या घरी गेले. आम्ही दोघं रिक्षात बसलो. रिक्षात ती सारखी बोलत होती. शर्यतीत आधी कोण पुढे होतं, तिने किती वेळ मागे राहून वाट पाहिली, कोल्हापूरची मुलगी कशी कोपराने ढकलत होती. "आणि मग पप्पा, मला कळलं की ती आता थकली. मला तिचा श्वास ऐकू आला. मग मी निघाले." तिने हाताने दाखवलं. पुलावरून जाताना वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते आणि ते बाजूला न करताच ती बोलत होती. ती माझ्याशी सलग इतकं त्याआधी कधी बोलली नव्हती. नंतरही नाही.

कॉलनीजवळ आलो तसा ढोल ऐकू आला.

"कोणाचं लग्न आहे का?" तिने विचारलं.

मी बाहेर बघितलं.

रिक्षा वळली आणि तिला फ्लेक्स दिसला. तिचा फोटो दोन मजले उंच होता. खाली मंडळाच्या सगळ्यांचे छोटे गोल फोटो. जीपला झेंडूच्या माळा, पुढे ढोल, बाजूला बायका आरतीची ताटं घेऊन, मुलं मोबाइल वर धरून. तिने माझ्या शर्टाची बाही पकडली.

"पप्पा, नको."

"अगं, पाचच मिनिटं."

"पप्पा, मागच्या गल्लीने जाऊ ना. रिक्षावाल्या काकांना सांगा ना."

तोवर दादा रिक्षापाशी आला होता. त्याच्या मागे पन्नासेक माणसं. सगळी आमच्याकडे बघत होती. तिची पकड इतकी घट्ट होती की शर्टाची शिवण उसवली. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की थांबा, तिला नको आहे. ते शब्द माझ्या तोंडात होते. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिची बोटं माझ्या बाहीवरून सोडवली आणि म्हटलं, "लोक कामं सोडून आलेत. बरं दिसतं का? जा."

ती गेली.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो, की मी ते कौतुकापोटी केलं. जे मला कधी घेता आलं नाही ते तिला मिळावं, असं बापाला वाटणारच. ऐकायला हे चांगलं आहे. बायकोलाही मी हेच सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्या क्षणी पन्नास माणसांना नाही म्हणायची वेळ माझ्यावर आली होती आणि त्यातून सुटायला मी तिला पुढे केलं. लोकांच्या नजरा तिच्याकडे वळल्या तेव्हा मला हायसं वाटलं. हे वाक्य मी या आधी कुठेच लिहिलेलं नाही.

जीपमध्ये ती हात जोडून उभी होती. कोणीतरी बांधलेला फेटा तिच्या डोळ्यांवर येत होता. ती तो वर करत नव्हती. बायका ओवाळायला आल्या की मान पुढे करायची. घराच्या दारात बायकोने औक्षण केलं आणि तिचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "बर्फ झालाय हात." मुलगी सरळ मोरीत गेली आणि तिला उलटी झाली. बाहेर लोक पेढे खात होते. मी सांगितलं, "प्रवासाचं आहे. बस लागते तिला."

फ्लेक्स बरेच आठवडे चौकात होता. तिने चौकातून जाणं सोडलं. नाक्यावरची पोरं तिला 'ए मेडल' म्हणायला लागली. वाईट हेतू नव्हता, पोरं ती. किराणावाला सुट्टे पैसे देताना म्हणायचा, "काय मग, आता ऑलिम्पिक कधी?" ती कोथिंबीर आणायलाही जाईनाशी झाली. धावायला मात्र जात होती, अंधार असतानाच. परत आल्यावर पायरीवर बसत नव्हती. बूट हातात घेऊन आत यायची.

त्यानंतरच्या शर्यतीत, जी मी सुरुवातीला सांगितली, ती चौथी आली. त्याच्या पुढच्या शर्यतीतही चौथी. सर तिला सगळ्यांसमोर बोलले, "दम नाही, जिद्द नाही, नुसती हवा डोक्यात गेली." ती खाली मान घालून उभी होती आणि मी चार पावलांवर उभा होतो. सर, तिला सगळं येतं, चूक माझी आहे, एवढं सांगितलं असतं तर तो भार तिच्यावरून उतरला असता. मी पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायलो.

त्या दिवशी स्कूटरवरून घरी येताना रामवाडीजवळ आम्ही रसवंतीवर थांबलो. रस समोर आला तेव्हा मी विचारलं, "मुद्दाम करतेस ना?"

ती ग्लासाकडे बघत होती. म्हणाली, "तुम्ही पण मार्चमध्ये रजा घेता ना."

तिला ते माहीत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. रसाचा एक घोट घेऊन तीच पुढे बोलायला लागली.

"आधी पहिली आले की पोटात काहीतरी व्हायचं. छान. आता तसं काहीच होत नाही. आता रेष दिसली की जीप दिसते. मग पाय आपोआप हळू पडतात. चौथी आले की बरं वाटतं. कोणी बघत नाही."

"आणि सकाळी? पाटावर?"

"सकाळी अजून होतं," ती म्हणाली. "थोडं कमी. पण होतं."

बायकोला मी हे सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी कोणाला तरी विचारून कॉलेज रोडवरच्या एका मानसोपचार डॉक्टर बाईंची वेळ घेऊन आली. आम्ही तिघं गेलो. डॉक्टर आधी बराच वेळ मुलीशी एकटीशी बोलल्या. मग आम्हाला आत बोलावलं. त्यांचं बोलणं सोपं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

त्या म्हणाल्या, "बक्षीस मिळणार असं वाटलं की मेंदूचा एक भाग जागा होतो. गोड खाताना, कोणी पाठ थोपटल्यावर, सगळ्यांनी वा म्हटल्यावर. त्यातून आनंद होतो आणि माणूस पुन्हा ते करायला जातो. पण काही जणांचा मेंदू पाठ थोपटणारा हात आला तरी आधी धोक्याची घंटा वाजवतो. चार माणसं बघतायत म्हणजे काहीतरी होणार. घंटा इतकी मोठी असते की बक्षीस आलं होतं हे कळतच नाही. असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदू ठरवतो, त्या वाटेनेच जायचं नाही."

"म्हणजे तिला आनंदच होत नाही?" बायकोने विचारलं.

"होतो. धावण्याचा होतो, तो अजून शाबूत आहे. लोकांच्या कौतुकाला ती हळूहळू सरावेल, ते आपण करू. पण तिच्या गतीने. तोवर धावणं आणि गर्दी यांची गाठ घट्ट होऊ देऊ नका. ती झाली तर धावणंही जाईल."

मी विचारलं, "हे माझ्याकडून आलंय का?"

"थोडं रक्तातून येतं, थोडं घरातून. घरातलं मोठं माणूस कशाला भितं, हे मुलं न सांगता शिकतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आल्यापासून दाराकडे बघताय. तुम्हीही येत जा."

मी शिफ्टचं कारण सांगितलं. मुलगी जात राहिली, आईबरोबर. मी गेलो नाही.

काही महिन्यांनी विभागासाठी निवड होणारी शर्यत आली. ती आमच्या नाशिकच्याच मैदानावर होती. आदल्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"पप्पा, मला एकदा नीट धावायचंय."

"धाव की."

"मेडल घेईन. डॉक्टर मॅडमबरोबर मी प्रॅक्टिस केलीये. वर जायचं, हात पुढे करायचा, खाली यायचं. तेवढं जमेल मला. पण शाल नको. भाषण नको. जीप तर नकोच. दादा येतील उद्या."

"मी सांगेन त्यांना."

"तुम्ही?" ती थोडी हसली.

"मी सांगेन. तू फक्त धाव. पुढचं माझ्यावर सोड."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. विश्वास ठेवला तिने. त्या संध्याकाळी दादाला एक फोन केला असता तर काम झालं असतं. मी फोन हातात घेतला, नंबर काढला, ठेवून दिला. जेवण झाल्यावर करू म्हटलं. मग वाटलं, आता झोपला असेल. सकाळी वाटलं, समोरासमोरच सांगू, ते बरं.

ती कशी धावली ते मला वर्णन करून सांगता येणार नाही. शेवटच्या फेरीत वळणावर तिने मागे पाहिलं नाही. ती निघाली. रेषा ओलांडल्यावर दहाएक पावलं तशीच पुढे गेली, वळली, आणि कुंपणाकडे मला शोधायला लागली. मी दिसलो तेव्हा ती हसली, तोंड उघडं टाकून, लहानपणी हसायची तशी. पाटावरून आल्यावर जे तिच्या तोंडावर असायचं तेच होतं, त्याहून जास्त होतं. मी हात वर केला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

मेडलही तिने घेतलं. वर गेली, हात पुढे केला, खाली आली. पायरीवरून उतरताना तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघा, जमलं.

तेवढ्यात दादा आला. हातात शाल, मागे चारपाच जण, एकाच्या हातात फेटा.

"काका! पाहिलं का पोरगी कशी सुटली? चला, आता दोघांचा सत्कार. बाप-लेकीचा. स्टेजवरच्या सायबांना सांगून ठेवलंय मी. आणि गाडी बाहेर उभी हे."

माइकवरून आवाज आला, "विजेत्या खेळाडूच्या वडिलांनाही आपण मंचावर आमंत्रित करू या. त्यांनी दोन शब्द बोलावेत." टाळ्या वाजल्या. मांडवातल्या माना वळल्या.

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. तिने बाकी सगळं केलं होतं, एवढं एकच माझ्याकडे दिलं होतं. आणि मी हसलो. ते हसू मला ओळखीचं आहे. नाही म्हणता येत नाही तेव्हा ते येतं आणि लोक त्याला होकार समजतात. दादाने माझा दंड धरला. "लाजू नका काका, चला."

मुलगी पायरीपाशी उभी राहून बघत होती. तिने वाट पाहिली. मी काहीतरी बोलेन म्हणून ती खरोखर थांबली होती, ते मला दिसत होतं. मग तिच्या चेहऱ्यावरचं जे होतं ते उतरत गेलं. राग आला नाही तिच्या तोंडावर. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिला माझी दया आली.

ती चालत आली, माझ्या दंडावरचा दादाचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाली, "दादा, पप्पांना उन्हाने गरगरतंय. त्यांना बसू द्या. मी येते ना."

"ये की गं, तुझाच तर दिवस हे!"

ती परत वर गेली. शाल घेतली, फेटा बांधून घेतला, फोटोसाठी सगळे गोळा झाले त्यांच्या मधोमध उभी राहिली. कोणीतरी माइक तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "सगळ्यांचे आभार. माझ्या पप्पांनी मला खूप साथ दिली."

खूप टाळ्या पडल्या. लोक माझ्याकडे बघून मान डोलावत होते. मी खुर्चीत बसलो होतो.

जीपमध्ये ती स्वतःच चढली. मी स्कूटरवरून मागे मागे गेलो. दारात बायकोने औक्षण केलं. ताट फिरवताना ती मुलीच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होती. यावेळी उलटी झाली नाही. मुलगी शांतपणे जेवली, शाल घडी करून कपाटात ठेवली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी ती पाटावर गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सर घरी आले. "अगं, विभागात निवड झालीये तुझी, आता काय हे?" ती म्हणाली, "सर, बारावी आहे. नंतर बघू." सर माझ्याकडे वळले, "तुम्ही समजवा." मी म्हटलं, "तिची इच्छा."

सर गेल्यावर बायको म्हणाली, "तिची इच्छा! एवढ्या दिवसांत एकदा तरी विचारलीत तुम्ही तिची इच्छा?"

बारावी झाली. ती आता पुण्याला नर्सिंग शिकते. वसतिगृहात राहते. डॉक्टरांकडे आता मी जातो, जायला हवं होतं त्यापेक्षा बराच उशिरा. बाई मला लहान लहान कामं देतात. गेल्या महिन्यात मी किराणावाल्याला म्हटलं, ही तूरडाळ जुनी वाटते, दुसरी दाखवा. त्याने दाखवली. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." मग थोड्या वेळाने भाजी चिरता चिरता म्हणाली, "पोरीच्या वेळी जमलं असतं तर." ती ओरडून म्हणाली नाही. तिलाही ते बोलून वाईट वाटलं असावं, कारण मग तिने मला न मागता चहा दिला.

दिवाळीला मुलगी आली होती. आम्ही दोघं गच्चीवर आकाशकंदिलाची वायर ओढत होतो. मी म्हटलं, "त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं. मी कबूल केलं होतं तुला."

"जाऊ द्या ना पप्पा. तुम्हाला नव्हतं जमत. मला कळतं ते."

"म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

तिने वायर खिळ्याला गुंडाळली. मी विचारलं, "तिकडे मैदान आहे का गं? धावतेस का कधी?"

ती वायरकडेच बघत होती. उत्तर द्यायला तिने जरा वेळ घेतला. मग म्हणाली, "नाही."

तिच्या घोट्यांवर मोज्यांची फिकट रेघ होती, वर पाय उन्हाने काळवंडलेले. नर्सिंगच्या गणवेशातही मोजे असतात, हे मला माहीत आहे. ऊन तर येताजाताही लागतं. पण ती जो वेळ थांबली, त्याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. ती हो म्हणाली असती तर माझ्या तोंडावर आनंद दिसला असता. मी तिच्या आईला सांगितलं असतं. आईने मावशीला. मी पुन्हा विचारलं असतं, किती धावतेस, रोज जातेस का. बापाचा आनंदही तिच्यासाठी गर्दीच आहे, एका माणसाची.

म्हणून मी तिला पुन्हा विचारणार नाही. फोन आला की जेवलीस का, पेपर कसे गेले, एवढंच विचारतो. पुण्यात कुठेतरी, कोणाचंही लक्ष नसताना, ती पहाटे धावत असेल आणि मला खोटं सांगत असेल, एवढंच मागणं माझ्याकडे उरलं आहे. ती खरं बोलली असेल, तर काय गेलं हे मला माहीत आहे, कारण मी ते कुंपणापाशी उभं राहून पाहिलं आहे.